रिकामी केलेली काडतुसे

डोंगराच्या कडेला एक लहानसे संस्थान होते. तिथे सुभानजी जिनगर शिकारीच्या बंदुकांची काडतुसे हाताने भरून देई. राजेसाहेबांची रायफल नवी आणि भक्कम होती. हैबती शिकाऱ्याची बंदूक मात्र त्याच्या आजोबांच्या वेळची. नव्या रायफलीला दारू जास्त लागे. तेवढीच जुन्या बंदुकीच्या काडतुसात भरली, तर नळी फुटून चालवणाराच मरायचा. म्हणून सुभानजी एका वेळी एकाच बंदुकीचे काम घेई आणि दुसरीची दारू मोजायचे माप पेटीत ठेवी.

एके वर्षी एक बिबट्या माणसांवर उठला. हैबतीच्या वाडीतली एक बाई त्याने बांधावरून ओढून नेली. तो जवळच्या घळीत बसल्याची खबर सकाळीच आली. राजेसाहेब आणि हैबती दोघेही ताबडतोब काडतुसे हवीत म्हणून सुभानजीकडे येऊन थांबले. त्या घाईत सुभानजीने दोन्ही मापे समोर घेतली. हैबतीची काडतुसे भरत असताना बाहेर रडारड ऐकू आली, म्हणून तो उठून दारापर्यंत गेला. त्या बाईचा नवरा आला होता. त्याला पाणी देऊन सुभानजी परतला आणि थबकला. उठण्यापूर्वी हातात कोणते माप होते, ते त्याला काही केल्या आठवेना.

त्याने भरलेली सगळी काडतुसे उघडायला घेतली.

हैबती ओरडला, "काका, हे काय करता? जनावर निघून जाईल!"

"जाऊ दे. ही काडतुसे मी तुझ्या हातात देणार नाही."

राजेसाहेब दारात उभे होते. ते म्हणाले, "सुभानजी, तिकडे वाडीतली माणसं जीव मुठीत धरून बसली आहेत."

"ठाऊक आहे, महाराज. चूक माझीच आहे. पण तिची किंमत हैबतीने का द्यावी?"

त्याने एकेका काडतुसातली दारू तराजूत तोलली. सगळी बरोबर निघाली.

"म्हणजे उगाचच वेळ घालवलात," हैबती चिडून म्हणाला.

"वेळ गेला खरा. पण ती बरोबर आहेत, हे आता मला माहीत आहे. मघाशी नव्हतं."

मग त्याने नव्या रायफलीचे माप पेटीत टाकले आणि हैबतीची काडतुसे पुन्हा भरून दिली.

तोवर बिबट्याने घळ सोडली होती. दिवसभर रान तुडवावे लागले. उन्हे कलताना तो करवंदीच्या जाळीतून थेट हैबतीवर झेपावला. हैबतीने बंदूक गालाला लावून बार काढला. बिबट्या त्याच्यापासून दोन हात अंतरावर कोसळला.

रानातून परतल्यावर हैबती आधी सुभानजीकडे गेला आणि त्याच्या पाया पडला.

"काका, सकाळी तुम्हाला वाटेल ते बोललो. पण जनावर अंगावर आलं, तेव्हा बंदूक फुटेल अशी शंकाही मनात आली नाही. आली असती, तर नेम चुकला असता."

राजेसाहेबांनी सगळ्यांसमोर आपली रायफल सुभानजीच्या हाती दिली. "ही आजपासून तुमच्याकडे राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही द्याल तेव्हाच मी ती उचलीन."

तात्पर्य: ज्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, त्यात जराही शंका आली तर लोकांच्या रागाची पर्वा न करता ते पुन्हा तपासावे. सगळे ठीक निघाले, तरी तो वेळ वाया जात नाही.