पाठमोऱ्या शेवंतीताईची खूण

आमच्या खाडीतली खारफुटी तोडून हॉटेल बांधायचं की नाही, हे त्या दिवशी ग्रामसभेत ठरणार होतं. समुद्राला अडवणारी ही खारफुटी वाचवा, असं सांगायला शेवंती तांडेल उभी राहिली. ती आमच्याच गावची. वल्हवण्याच्या शर्यतींत तिने देशासाठी पदकं आणली आणि आता समुद्र चढतोय, हे ती गावोगाव सांगत फिरते.

सरपंच दादासाहेब हसले. "शेवंती, शर्यतीत तुम्ही पाठमोऱ्या बसता ना? जिला होडी कुठे चाललीय ते दिसत नाही, ती आम्हाला पुढचं काय सांगणार?"

सभा हसली. मागे बसलेल्या मला उगाच लाज वाटली.

"खरंय, दादासाहेब," ताई शांतपणे म्हणाली. "पुढचं दिसत नाही, म्हणून आम्ही किनाऱ्यावरची एक खूण बघत होडी सरळ ठेवतो. माझी खूण म्हणजे तुमच्या आजोबांनी बांधलेली पांढरी धर्मशाळा. तेवढी मला आज दाखवा, मी गप्प खाली बसते."

दादासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. धर्मशाळेच्या जागी चार वर्षांपासून समुद्रच आहे.

मी ताईच्या घट्टे पडलेल्या हातांकडे बघतच राहिले. तोडीच्या ठरावाला मात्र एकही हात वर झाला नाही, दादासाहेबांचासुद्धा.