पोळ्यातली कुरकुर

माणसाची पावलं क्वचित पडतात अशा एका जंगलात बेहड्याच्या ढोलीत सातेरी जातीच्या मधमाश्यांचं पोळं होतं. दारावर एक म्हातारी राखणदारीण बसायची. तोंडाची फटकळ, नाकाची पक्की. येणाऱ्या प्रत्येकीला ती हुंगायची. घरचा वास आला तर आत, नाहीतर डंख! एका तिन्हीसांजेला मात्र राखाडी पंखांचं एक पतंगाचं पाखरू मागच्या फटीतून शिरलं आणि अंडी घालून पसार झालं. त्यातून अळ्या निघाल्या. आणि त्या शिरल्या कुठे म्हणाल, पोरांनो? उद्या राखणदारणी होणारी पिल्लं वाढत होती, नेमक्या त्याच मेणाच्या घरांत. पोळ्याचंच मेण खाल्लं, अंगाला पोळ्याचाच वास लागला. म्हातारी रोज हुंगायची आणि बिनघोर पुढे जायची. तिकडे अळ्यांचा नुसता सुळसुळाट झाला.

एके दिवशी तिच्या पायाखाली मेण थरथरलं. कुरकुर, कुरकुर. "मेल्या नाकानं दगा दिला!" ती ओरडली. "अगं, चला सगळ्या! पोखरलेली घरं फोडा!"

मध आणणारी एक तरणी माशी म्हणाली, "मावशी, फुलं ऐन भरात आहेत. मध भरून घेऊ, मग बघू."

"मग बघायला घर उरेल का, टवळे?"

"पण आत आपलीच पिल्लं आहेत!"

"ती आतून खाल्ली गेली. त्यातली कितीतरी मीच भरवली होती," म्हातारी म्हणाली आणि स्वतः भरवलेल्या पिल्लाचं घर तिनं आधी फोडलं. मग कुणी थांबलं नाही. राणीचा हुकूम नाही, कुणाची शिकवण नाही. तरी एवढ्याएवढ्याशा माश्या पोखरलेलं घर बरोबर फोडत होत्या आणि शेजारच्या धडधाकट पिल्लाला धक्काही लावत नव्हत्या. आपल्याहून मोठ्या अळ्या ओढत दाराबाहेर लोटत होत्या. कित्येक जणी त्यातच मेल्या, तरी मागून नव्या येतच होत्या. म्हातारी पंख मिटून बघत राहिली. एवढं बळ या घरात होतं, हे तिला जन्मभर दारात बसून कळलं नव्हतं.

"संपल्या!" तरणी नाचू लागली. म्हातारीनं मेणावर पाय टेकला. खोल कुठेतरी बारीकशी कुरकुर होतीच. "संपल्या नाहीत. मेणात दडून निजल्यात. पण थोड्याच उरल्यात, तेवढ्यांना आपण पुरून उरू. आता हुंगणं पुरे नाही, रोज पाय टेकून ऐकायचं." पलीकडच्या ऐनाच्या झाडावरही तेच पाखरू अंडी घालून गेलं होतं. तिथल्या माश्याही अशाच शूर होत्या, पण आधी मध भरून मग लढल्या. तिथे अळ्या इतक्या उरल्या की निपटता निपटता माश्या थकल्या आणि पुढच्या बहराला ते पोळं ओस पडलं. बेहड्यावरची कुरकुर कधी थांबली नाही, पण वाढलीही नाही. म्हातारी गेली. तिच्या जागी ती तरणीच मेणावर पाय टेकत फिरू लागली. कुणी "नंतर बघू" म्हटलं, की तिच्याही तोंडून तेच यायचं, "मग बघायला घर उरेल का, टवळे?"

तात्पर्य, नीट ऐका : एचआयव्हीचा विषाणूही रक्तात शिरून असाच शरीराच्या राखणदारांच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या, घरात दडतो. तो मुळासकट निघत नाही, पण शरीरातल्या लढाऊ पेशींनी सुरुवातीलाच जितका खाली दाबला आणि पुढे रोज पहारा ठेवला, तितकी पुढची वर्षं आपली.