दाणा सुटेना, ज्योत ठरेना

संध्याकाळ झाली. लाईट गेली. आईने मेणबत्ती लावली. खिडकीपाशी ठेवली, आणि गेली कणीक मळायला. मेणबत्ती बसली एकटी!

तिथून चालली होती एक मुंगी. तोंडात साखरेचा दाणा. घरी पिल्लं भुकेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टप! मेणाचा थेंब पडला. बरोब्बर दाण्यावर! मुंगी कशीबशी वाचली. दाणा बसला चिकटून.

"अगं बाई, माझा दाणा!" मुंगीला रडूच आलं.

"मेणबत्तीताई, मेणबत्तीताई, गळू नकोस ना.
दाणा सुटेना!"

मेणबत्ती म्हणाली, "मी काय करू? वारा हलवतो, म्हणून मी गळते. वारा थांबेल, तर ज्योत ठरेल."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारेदादा, वारेदादा, थांब ना.
दाणा सुटेना, ज्योत ठरेना!"

वारा म्हणाला, "सूं सूं! खिडकी उघडी, मग मी येणारच. खिडकी लागेल, तर मी थांबेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खिडकीमावशी, खिडकीमावशी, लाग ना.
दाणा सुटेना, ज्योत ठरेना, वारा थांबेना!"

खिडकी म्हणाली, "कर्र कर्र! माझ्या फटीत पडदा अडकलाय. पडदा निघेल, तर मी लागेन."

झालं! मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पडदेमामा, पडदेमामा, निघ ना.
दाणा सुटेना, ज्योत ठरेना, वारा थांबेना, खिडकी लागेना!"

पडदा म्हणाला, "फडफड! माझं एक टोक अडकलंय, एक टोक उडतंय. कुणी ओढेल, तर मी निघेन."

मुंगी बघते तर काय! उडणारं टोक ज्योतीच्या जवळ. फडफड! आणखी जवळ. फडफड! पडदा पेटला तर?

मुंगीची घाबरगुंडी उडाली. खाली जमिनीवर खेळत होती नुपूर. आईची तीन वर्षांची नुपूर.

"नुपूरताई, नुपूरताई, ऊठ ना!
दाणा सुटेना, ज्योत ठरेना, वारा थांबेना, खिडकी लागेना, पडदा निघेना!"

नुपूर उठली. एक पाऊल गेली. आणि थांबली.

"मेणबत्तीजवळ मी जात नाही. हात तर मुळीच लावत नाही. पण हाक मारता येते की!"

आणि काय सांगू, अशी हाक मारली, अशी हाक मारली,

"आईईईईई!"

आई धावली. कणकेच्या हातांनीच धावली! आधी मेणबत्ती उचलली. लांब टेबलावर, ताटलीत नीट उभी केली. मग पडदा ओढला.

पडदा निघाला.
खिडकी लागली.
वारा थांबला.
ज्योत ठरली.
सांडलेलं मेण गार झालं. खट्! तडकलं.
दाणा सुटला!

"चुकलंच माझं," आई म्हणाली. "मेणबत्ती एकटी ठेवायची नसते. शहाणी गं माझी बाय, बरी हाक मारलीस!"

"मला मुंगीने सांगितलं," नुपूर म्हणाली.

"हो का? मुंगी बोलते वाटतं!" आई हसली. नुपूरला मांडीवर घेऊन मेणबत्तीजवळच बसली. लाईट आली, तेव्हा आईनेच मेणबत्ती मालवली.

आणि मुंगी? ती थांबते कशाला! दाणा घेऊन पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दाणा पिल्लांच्या पोटात,
गोष्ट तुमच्या कानात!