घोडी, गाढवीण आणि लसूणघास

माळाच्या कडेला घोड्यांची एक पागा होती आणि तिथे एक पांढरी घोडी राहत असे. तिचे दिवस भरले होते. अकरा महिने उलटून वर चार दिवस झाले, सडांवर मेणासारखे थेंबही धरले. ते थेंब दिसले की एक-दोन दिवसांत शिंगरू येते, हे पागेत सगळ्यांना ठाऊक असते. पण दोन दिवस गेले, तिसरा उजाडला, शिंगराचा पत्ता नाही.

गेल्या वर्षी याच घोडीचे शिंगरू जन्मताच दगावले होते. त्या वेळी तिच्यापाशी कोणीच नव्हते. म्हणून मुलांनो, घोड्यांची निगा राखणाऱ्या आकारामने यंदा चंगच बांधला, की घोडीवरची नजर हलवायची नाही. तो तबेल्याच्या दारातच बाज टाकून बसला. त्याचे पाहून शेळी आली, कुत्री उंबऱ्यावर बसली, कोंबडा आडव्या बांबूवर चढला. बातमी आरवायला त्याने गळासुद्धा साफ करून ठेवला होता! घोडीने शेपटी हलवली रे हलवली, की शेळी म्हणायची, "आता बघा हं!" तिची सहा बाळंतपणे झालेली, त्यामुळे तिला सगळेच कळत असे. घोडीला दरदरून घाम यायचा. ती गुडघे मोडून बसू बघायची आणि इतके डोळे आपल्यावर रोखलेले दिसले, की पुन्हा ताठ उभी राहायची.

कोपऱ्यात एक म्हातारी गाढवीण बांधलेली होती. तिने हळूच विचारले, "का गं पोरी, बसत का नाहीस?"

"कशी बसू, आजी? प्रेमानेच बघतात सगळे, पण माझे अंग आकसते. आणि जा म्हणावे, तर एकटीला भीती वाटते," घोडी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

गाढवीण जरा विचारात पडली. मग ती कुत्रीला म्हणाली, "तू इथेच राहा, पण तोंड बाहेर कर. डोळे तिकडे, कान इकडे. तिने हाक मारली तरच वळ. आणि शेळीबाई, तुम्ही कोंबड्याला घेऊन कडब्याच्या गंजीमागे जा."

"मी? इतकी अनुभवी?" शेळी फुरंगटली.

"म्हणूनच विचारते. तुम्ही व्यालात, तेव्हा जवळ कोण होते?"

शेळी आठवू लागली. बोरीच्या जाळीमागे ती दर वेळी एकटीच असे. ती कोंबड्याला घेऊन गंजीमागे निघाली.

आता राहिला आकाराम. त्याला कोण समजावणार? गाढविणीने दाव्याची गाठ दातांनी सोडवली आणि ती थेट बांधापलीकडच्या लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्यात शिरली.

"अगं ए कैदाशिणी! माझा घास!" म्हणत आकाराम काठी घेऊन धावला. गाढवीण पुढे, तो मागे. तिच्या म्हाताऱ्या पाठीवर दोन रट्टे बसले, तरी तिने त्याला वाफ्याभोवती चांगल्या तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि मग तासभर माळावर पळवत ठेवले.

इकडे कुत्रीला मागे धप्पकन आवाज आला, मग कण्हणे, मग काहीच नाही. तिला वळून बघावेसे फार वाटले, पण हाक आली नव्हती. ती वळली नाही. एवढ्यात कोणीतरी इवलेसे शिंकले.

"आता बघ," घोडी म्हणाली.

पांढऱ्या घोडीचे काळेभोर शिंगरू उठायची धडपड करत होते. तीनदा पडले, चौथ्यांदा उभे राहिले आणि आईला लुचू लागले. दमलेला आकाराम दारात आला आणि काठी टाकून ढसाढसा रडला. मग त्याने सगळ्यांना गूळ वाटला. "राखण केलीस हो!" म्हणून कुत्रीला दोन खडे दिले. गाढविणीला मात्र त्याने आखूड दाव्याने बांधले आणि गूळ काही दिला नाही.

"आजी, तुझ्यामुळे झाले आणि तुलाच गूळ नाही!" घोडी हळहळली.

गाढविणीने आपल्याकडे धडपडत आलेल्या शिंगराला हुंगले. "मला कुठे गूळ चाववतो गं आता?" ती म्हणाली. "लसूणघास मात्र छान कोवळा होता."

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्यावर सतत नजर रोखून बसू नये, हाकेच्या अंतरावर थांबून त्याला मोकळीक देणे हीसुद्धा मायाच असते.