भोपळा तुझा, बिया माझ्या

एका गावात हैबती नावाचा एक तेली होता. घाण्याचा बैल गोल गोल फिरे आणि हैबती घाण्यावर बसून एकतारी वाजवी. एकतारी त्याच्या स्वतःच्या हातची. भोपळा पोखरायचा, त्याच्या तोंडावर कातडं ताणायचं, बांबूची दांडी बसवून तार चढवायची, या नादात त्याला जेवणाची शुद्ध नसे. तार थांबली की बैल थांबतो, म्हणून वाजवावं लागतं, असं तो बायकोला सांगे. भागा बिचारी हसून सोडून देई.

भोपळा मात्र ठकूमावशीच्या कुंपणावरचा. ही म्हातारी माळीण. तिच्या वेलाला येत तसे गोल, जाड सालीचे कडू भोपळे पंचक्रोशीत कुठे मिळत नसत. कुणाला पोहायला शिकायचं असो की एकतारी करायची असो, ती वेलावर वाळलेला भोपळा हातात ठेवी आणि एवढंच म्हणे, "भोपळा तुझा, बिया माझ्या." त्या बियांवर तिचा पुढच्या वर्षीचा वेल चढे.

एका वर्षी वानरांनी वेल ओरबाडला. एकच भोपळा वाचला. तो तिने हैबतीला दिला, कारण त्याच्या जुन्या एकतारीचा भोपळा तडकला होता आणि गावदेवीच्या जत्रेत भजनाची पहिली तार छेडायचा मान त्याला त्या वर्षी मिळाला होता. कितीतरी वर्षं तो त्या मानाकडे डोळे लावून बसला होता.

हैबतीने घाईघाईने भोपळा पोखरला. बी दिसलं की घाण्यात लोटायचं, ही तेल्याच्या हाताची सवय. बोलता बोलता त्याने त्या बियाही तिळाबरोबर घाण्यात लोटल्या. एकतारी छान झाली. फक्त वाजवताना आत काहीतरी खुळखुळे, तेवढं त्याला खटके.

जत्रा आठवड्यावर आली, तेव्हा ठकूमावशी दारात उभी राहिली. "आळं करून ठेवलंय बाबा. ओल हाय तवर बी पडलं पायजे."

हैबतीने मान खाली घालून खरं ते सांगितलं. म्हातारी उंबऱ्यावर बसली. "आईच्या हातचं बी व्हतं ते," ती म्हणाली. "जाऊ दे. तू वाजव देवीपुढं." आणि काठी टेकत निघून गेली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं हैबतीला वाटलं. त्याने उगीच एकतारी उचलली. तार छेडली. आत खुळखुळलं आणि त्याचा हात जागीच थांबला. सालीला चिकटून राहिलेल्या बियाच आत सुटल्या होत्या.

दांडी लाखेने पक्की बसवलेली. बिया काढायच्या तर कातडं फाडायला हवं, आणि त्या दमट हवेत नवं कातडं जत्रेपर्यंत सुकणार नव्हतं.

"कुणाला कळतंय?" भागा म्हणाली. "जत्रा झाल्यावर काढा की."

"तवर हंगाम जाईल," हैबती म्हणाला. "तिनं हातचा एकुलता भोपळा दिला. मी एक जत्रा दिली तर काय झालं?" आणि त्याने कातड्यात सुरी घातली.

आतून सात-आठ बिया निघाल्या. ठकूमावशीने त्या पदराच्या टोकाला बांधून घेतल्या. मग तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

जत्रेत पहिली तार दुसऱ्याने छेडली. हैबती मागे उभा राहून टाळ्यांनी ताल धरत होता. वाईट वाटलंच त्याला. घरी येताना मात्र तो वाट वाकडी करून ठकूमावशीच्या कुंपणाकडे गेला. आळ्यात दोन पानांची रोपं वर आली होती. तो किती तरी वेळ तिथेच बसून राहिला.

पुढच्या वर्षी कुंपण भोपळ्यांनी वाकलं. हैबतीने आधी बिया मोजूनमापून परत केल्या, मगच एकतारीला हात लावला. गावाने मान पुन्हा त्यालाच दिला. देवीपुढे सगळे थांबले असताना तो उठला, गर्दीत शिरला आणि एकतारी ठकूमावशीपुढे धरली.

"मावशी, पहिली तार तू छेड. भोपळा तुझाच हाय."

म्हातारीने बोटाने तार छेडली. तार घुमली. आत काहीच खुळखुळलं नाही.

तात्पर्य: देणाऱ्याचे आभार नुसते तोंडाने मानून भागत नाही, त्याला पुन्हा देता यावं एवढं बी त्याच्या ओंजळीत परत ठेवणं, हीच खरी कृतज्ञता.