जृंभकासुराची जांभई

मला ही कथा लिहायची नव्हती. आमच्या क्रीडा मंडळाच्या स्मरणिकेत दोन पानं रिकामी राहिली, म्हणून चिटणीस तीनदा दारात आला. "नाना, पुराणातलं काहीतरी द्या, खेळावरचं." जाहिराती मिळाल्या असत्या तर नाना आठवला नसता, हे मला कळतं. माझी शाळा चौथीत सुटली, पण देवळात पोथी ऐकत दाढी पांढरी झाली आहे. त्यातून माझी नात शाल्मली आयर्लंडात नर्स आहे. तिथली खेळायची वाकडी काठी तिनं मला आणून दिली आणि तिथल्या लोकांची रीतही सांगितली. ती ऐकली आणि ही कथा मनात बसली. कोणत्या पुराणात आहे ते विचारू नका. विचारणारे पुराण वाचत नाहीत.

तर कृतयुग सरत आले होते आणि त्रेताची चाहूल लागली होती, त्या काळची ही गोष्ट. पश्चिम समुद्रात, जिथे सूर्यनारायण आपले दमलेले घोडे पाण्यावर नेतो, तिथे वरुणदेवाच्या कृपाछत्राखाली हरितद्वीप नावाचे बेट होते. पाचूच्या राशीसारखी त्याची कुरणे, दुधासारखे त्याचे धुके, आणि बारमाही झिमझिमणाऱ्या पावसाने न्हालेल्या त्याच्या टेकड्या पाहून गंधर्वसुद्धा विमाने थांबवीत. त्या बेटावर समुद्रकाठी वेत्रवान ऋषींचा आश्रम होता. तिथे होमाच्या धुराबरोबर आणखी एक गोष्ट आकाशात उडत असे, ती म्हणजे चेंडू. आत लोकर घट्ट गुंडाळून वर चामडे शिवलेला, मुठीएवढा.

कारण वेत्रवानांचे मत असे होते की, जो देह धावत नाही त्यात मंत्र टिकत नाही. त्यांनी द्वीपवासीयांना वक्रदंडाची क्रीडा शिकवली होती. राखी सालीच्या एका चिवट झाडाचे मूळ जिथे जमिनीत वळते, नेमका तिथला भाग तोडायचा, म्हणजे लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात आणि दंड मोडत नाही. त्याचे टोक पळीसारखे पसरट करायचे, आणि त्यावर चेंडू झेलीत, उडवीत, वाऱ्याच्या वेगाने कुरणभर पळायचे. गावागावांचे सामने होत. दंडावर दंड आदळला की टेकड्यांतून टाळीसारखा आवाज घुमे. डोकी फुटत, गुडघे सोलत, आणि संध्याकाळी तेच लोक एका चुलीभोवती बसून एका भांड्यातले पीत.

या क्रीडेला ऋषींनी दोनच नियम घातले होते. "ज्या मातीत तुमची नाळ पुरली, त्याच गावासाठी खेळा. आणि खेळण्याचे वेतन घेऊ नका. हे मोडाल त्या दिवशी दंड राहील, क्रीडा जाईल."

आता याच वेळी पाताळात जृंभक नावाचा दैत्य घोर तप करीत होता. तप कसले, एका कुशीवर पडून होता! पण इतका काळ पडून होता की ब्रह्मदेवाला ते तपच वाटले. आमच्या ब्रह्मदेवाचे हेच चुकते. समोर कोण आहे ते न बघता वर देतो, आणि मग निस्तरायला दुसरे. "वत्सा, माग," म्हणाला.

जृंभक पडल्या पडल्या म्हणाला, "शस्त्राने मला मरण नको, मंत्राने नको, आणि क्रोधाने उचललेल्या कोणत्याही वस्तूने नको."

"आणखी काही?"

"आणखी बोलायचा कंटाळा आला."

"तथास्तु," म्हणून ब्रह्मदेव गेला.

मग तो दैत्य हरितद्वीपावर आला. त्याने कोणाला मारले नाही, गाव जाळले नाही. तो फक्त वेशीवर येऊन जांभई देई आणि म्हणे, "बसा." ती जांभई ज्याच्या कानावर पडली तो जागच्या जागी बसे आणि पुन्हा उठत नसे. त्या गावांचे वर्णन करवत नाही, पण करतो. माणसे पोटाच्या घड्यांत हनुवट्या बुडवून बसली होती. पायांच्या बोटांत शेवाळ धरले होते. तोंडातून लाळ गळे आणि माशी ती चाटून जाई, पण हात उठत नसे. शेजारच्याचे नाव कोणाला आठवत नव्हते. कोणी त्यांच्यासमोर भांडले, नाचले, पडले तर ती बघत, आणि बघून झाले की ढेकर देत. मी अशी माणसे पाहिली आहेत. त्यासाठी हरितद्वीपावर जावे लागत नाही.

शेवटी एकच गाव उरले, राजा कुंभोदराचे शैवालपूर. तेव्हा वेत्रवान ऋषी दैत्यासमोर उभे राहून मेघगर्जनेसारख्या वाणीने म्हणाले, "हे आलस्यनिधे! उद्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत या गावचे लोक कुरणावर चेंडू खेळवतील. तू हव्या तितक्या जांभया दे. चेंडू मातीत निपचित पडला, तर हे गाव तुझे अंथरूण. नाही पडला, तर या द्वीपावरून चालता हो."

"चालता?" जृंभकाचे तोंड वाकडे झाले. "बरे. पण तशी वेळ येणार नाही."

राजा कुंभोदर वाईट नव्हता. जड होता. खेळाचे त्याला वेड होते, पण बघण्याचे. तो मऊ आसनावर लोळून, मांसाचे तुकडे चघळीत, धावणाऱ्यांना शिव्या घाली. पैज ऐकताच त्याला घाम फुटला. आपल्या गावच्या लोकांना धाप लागते हे त्याला माहीत होते, कारण सगळे त्याच्याच शेजारी बसून बघत असत. त्याने दूरच्या द्वीपांवरून पोलादासारखे मल्ल आणवले आणि त्यांच्या ओंजळीत सोने ओतले.

ऋषी संतापून म्हणाले, "राजा, यांच्या नाळा कुठे पुरल्या आहेत?"

"नाळेचे काय घेऊन बसलात महाराज! यांच्या मांड्या बघा!"

सूर्य उगवला. मल्ल काय खेळले! गरुडझेपेने चेंडू झेलीत, वज्रासारखे तडाखे देत त्यांनी मध्यान्हापर्यंत चेंडूला माती लागू दिली नाही. राजा टाळ्या पिटीत होता. मग कुरणाच्या कडेला पडलेल्या जृंभकाने एक डोळा उघडला.

"वीरांनो, कोणासाठी धावता?"

"वेतनासाठी!"

"ते तर कालच मिळाले ना? मग आता बसा."

आणि त्याने जांभई दिली. मल्लांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना त्यात खोड काढता येईना. ते बसले. चेंडू आकाशातून खाली येऊ लागला आणि शैवालपूरच्या तोंडून हाय निघाली, तीही बसूनच.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पदर खोचून धावली. ती राजाची दाई कुवलया. एका मल्लाच्या हातचा दंड तिने हिसकला आणि चेंडू मातीला टेकणार तोच वर उडवला.

जृंभक हसला. "म्हातारे, बस. तू कोणासाठी धावतेस?"

"माझी सून बघतेय, मेल्या! तिच्यासमोर बसले तर मरेपर्यंत ऐकवील!"

दैत्याने जांभई दिली, पण म्हातारी बसेना. धापा टाकीत, चेंडू दंडाच्या टोकावर नाचवीत ती राजासमोर आली आणि गरजली, "ऊठ रे कुंभ्या! तुझी नाळ मी या हातांनी पुरली आहे, त्या झाडाच्या बुंध्याशी, ज्याच्या मुळाचा हा दंड आहे! परक्यांना सोने देऊन आईचे पांग फेडता येतात का? आता माझे गुडघे गेले. घे!"

आणि तिने चेंडू राजाच्या अंगावर उडवला. कुंभोदराने आयुष्यात प्रथमच काही झेलले. आसन सोडताना त्याच्या मांड्यांचा फोडलेल्या फणसासारखा आवाज झाला. तो उठला, पडला, चेंडू छातीशी धरून पुन्हा उठला. लोक हसले. हसता हसता लोहार उठला, गवळण उठली, कुवलयेची सूनही उठली. कोणी दंड घेतला, कोणी वल्हे, कोणी चुलीतले लाकूड. ज्यांची तोंडे वर्षभर पाहिली नव्हती ते शेजारी एकमेकांना नावाने हाका मारू लागले. "इकडे दे!" "आंधळ्या, मी इथे आहे!" घामाबरोबर अंगातली सुस्ती गळाली. श्वास खोल गेला, नजर तीक्ष्ण झाली, आणि बांधावरून वैर धरलेले दोघे भाऊ एकमेकांना चेंडू देऊ लागले.

जृंभक जांभयांवर जांभया देत राहिला, पण ओरडणाऱ्यांच्या कानांत त्या शिरेनात. सूर्य समुद्राला टेकला. तेव्हा घाबरलेल्या दैत्याने प्रलयकाळच्या गुहेसारखा जबडा पसरला आणि अखेरची महाजांभई काढली. त्याच क्षणी चेंडू राजासमोर आला. राजाची कंबर धरली होती, दात पडला होता, आणि त्याला हसू आवरत नव्हते. त्याने हसत हसत दंड फिरवला. चेंडू सरळ दैत्याच्या घशात गेला.

"घात!" दैत्य घुसमटला. "मला शस्त्राने मरण नाही!"

"हे शस्त्र नाही."

"मंत्र... क्रोध..."

"मंत्र मला येत नाही. आणि रागावू कसा? इतकी मजा मला जन्मात आली नव्हती!"

वर मागताना दैत्याने खेळ धरलाच नव्हता. खेळ म्हणजे त्याला काहीच वाटत नव्हते. तो कोसळला, आणि पडलेल्या गावांतून माणसे डोळे चोळीत उठली.

वेत्रवानांनी दंड उंचावून वर दिला, "जो आपल्या मातीसाठी, वेतनावाचून खेळेल, त्याचे हाड चिवट राहील, श्वास लांब राहील आणि संकटात त्याला शेजारी सापडेल." आणि मल्लांच्या ओंजळीतल्या सोन्याकडे बघून शापही दिला, "जे गाव आपली माणसे बसवून परक्यांना विकत आणील, त्याच्या वेशीवर जृंभक पुन्हा जन्मेल, आणि 'बसा' हाच शब्द बोलेल."

त्या द्वीपाला आज आयर्लंड म्हणतात. शाल्मली सांगते, तिथे अजून शिक्षक, गवंडी, डॉक्टर दिवसभर काम करून संध्याकाळी आपल्या गावासाठी फुकट खेळतात, आणि गाव सोडून दुसऱ्याकडून खेळणाऱ्याकडे लोक वाकडे बघतात. वर खरा झाला.

शापही खरा झाला. गेल्या माघात आमच्या कबड्डीच्या मैदानावर परतालुक्यातून आणलेले गडी उतरवले, आणि इथली पोरं कडेला वेफर्स खात बसवली. मी उठून विचारलं, यांच्या नाळा कुठे पुरल्यात? तेव्हा साऱ्या गावासमोर, भोंग्यावरून, मंडळाचा अध्यक्ष मला म्हणाला, "बसा." मी बसलो नाही. मी अजून उभा आहे, आणि तुझ्या माफीची वाट बघतोय, त्रिंबक ढेरंगे.