ढप्प

“…पण बाई, सगळं इतकं नीट रचून ठेवल्यावर आवाज सापडत कसा नाही?”

पुष्कर बेंद्रेनं समोरच्या चहाला हातही लावला नव्हता. पुण्याहून पहाटेच्या गाडीनं तो सांगलीत उतरला होता आणि थेट माईणकरबाईंच्या दारात येऊन उभा राहिला होता.

माईणकरबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. अर्धं आयुष्य त्यांनी रेडिओवरच्या नाटकांना घोडे, वादळं, दारं आणि भांडणं पुरवली होती. आता तेच काम लॅपटॉपवर करत. आवाजाच्या धंद्यातली माणसं त्यांना गुरू मानायची. बाई मात्र कुणालाच शिष्य मानत नसत.

“किती सॅम्पल्स म्हणालास, साठवलेले आवाज?”

“एक्केचाळीस हजार.” हा आकडा सांगताना पुष्करला नेहमीच बरं वाटायचं. “जगभरातले आवाजांचे तयार पॅक उतरवून घेतलेत. प्रत्येकाला फोल्डर, रंग, पट्टी, लय. काहीही मागा, दोन सेकंदांत काढून देतो.”

“मग आलास कशाला?”

…

पुष्करची मान खाली गेली. मग त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. रेश्मा नदाफ नावाची दिग्दर्शिका, तिच्या चित्रपटाचं शीर्षकगीत तो करत होता. मुखडा संपतो, गाणारीचा सूर थांबतो आणि तिथे एक ठोका हवा. एकच. नऊ दिवस तो ठोके पाठवत होता आणि नऊ दिवस रेश्मा ते परत पाठवत होती. आज दुपारी दोनपर्यंत जमलं नाही, तर गाणं दुसऱ्याकडे जाणार होतं.

“कसला ठोका?”

“खोल. जड. साठ हर्ट्झच्या आसपास…”

“तोंडानं वाजव.”

“अं?”

“तोंड आहे न्हवं तुला? वाजव की!”

पुष्कर लाजला. “धम्,” तो म्हणाला. वर्गात उभं करून धडा वाचायला लावलेल्या मुलासारखा.

“हा तुझ्या मशीनमधला झाला. गाण्यातला कुठाय?”

त्यानं डोळे मिटले. मुखडा गुणगुणला. शेवटचा सूर सोडला, थांबला… आणि त्या मोकळ्या जागेत ओठांतून आपसूक निघालं,

“ढप्प.”

डोळे उघडून तो स्वतःच चकित होऊन बसला.

“आता शोध,” बाई म्हणाल्या.

त्यानं आपल्या लॅपटॉपवर भराभर ‘ढप्प’ लिहिलं. काही सापडलं नाही. सापडणार कसं? त्याच्याकडच्या ठोक्यांची नावं ‘किक डीप डार्क झिरो फोर’ अशी होती.

बाईंनी आपला लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पुष्कर यादी वाचायला लागला आणि वाचता वाचता खुर्चीतून उठलाच.

‘कर्रर्र, गिरणीचं दार.’ ‘सर्र, जरीचं लुगडं.’ ‘फस्स, शेगडीवर उतू गेलेलं दूध.’ ‘धाडकन (धडाम नव्हे), रागावलेली सून.’

“बाई! अहो, हे वाचतानाच ऐकू येतंय!”

“मग? नाव हाक मारायलाच ठेवतात.”

‘ढप्प’ लिहिल्याबरोबर चार आवाज पुढे आले. ओलं पोतं. शेणाचा पो. भिजलेली गादी. आणि चौथा, परातीत आपटलेली कणिक.

चौथा वाजला आणि पुष्करच्या अंगावर सरसरून काटा आला.

“हाच! बाई, हाच तो! द्या मला. दीड तास आहे अजून, आत्ता बसवून पाठवतो!”

बाईंनी लॅपटॉप मिटला.

“ही माझी कणिक आहे.”

“म्हणजे?”

 बाईंनी नुसतं स्वयंपाकघराकडे बोट केलं.

…

पुष्करनं जन्मात कणिक मळली नव्हती. पण आता त्याला थांबायला वेळ नव्हता आणि थांबावंसं वाटतही नव्हतं. त्यानं डबा उघडला, परात ओढली, फळीवर मीठ-मसाल्याच्या डब्यांमध्ये रेकॉर्डर लावला. पीठ, पाणी, बाह्या वर. गोळा उचलला, आपटला.

“टप्प.”

“छे!” पुन्हा आपटला.

“थप्.”

पुन्हा. पुन्हा. शर्टावर पीठ, चष्म्यावर पीठ. “बाई, ऐकलंत? थप्प आला! जवळ आलंय, बाई, जवळ आलंय!”

बाई उंबऱ्यात उभ्या राहून हसत होत्या. तोंडावर पदर धरून, पण हसू काही मावत नव्हतं.

किती वेळा आपटला, कुणी मोजलं नाही. मग एकदा गोळा हातातून जरा वाकडा सुटला, आणि…

ढप्प.

दोघंही तशीच उभी राहिली. फळीवरचा चमचा तेवढा हळूच किणकिणला.

पुष्कर धावतच बाहेर आला. आवाज लॅपटॉपवर घेतला. नावाच्या जागी त्याच्या बोटांनी सवयीनं ‘किक’ लिहिलं. त्यानं ते पुसलं. ‘ढप्प’ लिहिलं. मग तो आवाज मुखड्याच्या शेवटी, त्या मोकळ्या जागेत बसवला आणि गाणं पाठवून दिलं. दोनला दहा मिनिटं कमी होती.

दोनच्या ठोक्याला फोन वाजला. रेश्मा इतक्या मोठ्यानं बोलत होती की उंबऱ्यापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

“पुष्कर! अरे, हाच की रे! गाणं तुझंच. पण नऊ दिवस कुठं दडवून ठेवला होतास? कुठल्या पॅकमधला आहे हा? मला सगळा पॅकच पाठव!”

पुष्करनं पिठाळ हातानं फोनचं तोंड झाकलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

“बाई, कुठल्या पॅकमधला म्हणून विचारतेय. काय सांगू?”

बाईंनी उंबऱ्यात बसून परात मांडीवर ओढून घेतली होती. त्यांनी गोळ्यात बोट रुतवून पाहिलं.

“सांग… पाणी जरा जास्त झालंय.”